न्यूरो वॉर्डात नव्याने आलेल्या सिस्टरसाठी

पहिली गोष्ट, पेशंटचं काम पटकन उरकून देऊ नकोस. पक्षाघात झालेल्या माणसाला शर्टाचं एक बटण लावायला पाच मिनिटं लागतील, लागू देत. बाही आधी लुळ्या हातात, मग चांगल्या हातात, काढताना उलट. मदतीला हात पुढे करायचा मोह आवर, ते बटणच त्याचा व्यायाम आहे.

लुळा हात धरून कधीही ओढू नकोस. खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, एका हिसक्यात सांधा निसटू शकतो आणि मग महिनोन्‌महिने दुखणं. बसवल्यावर हाताखाली उशी दे.

गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय पाण्याचा घोटही नाही. भरवताना सरळ बसव, नंतर अर्धा तास तसंच बसू दे. ठसका लागला नाही म्हणून निर्धास्त होऊ नकोस, पाणी गुपचूपही श्वासनलिकेत उतरतं. घोटानंतर आवाज ओला, घरघरता झाला का, ते कान देऊन ऐक.

बोलणं गेलेल्या माणसाला पुष्कळदा बरंच कळत असतं. एका वेळी एकच प्रश्न विचार आणि थांब. हे थांबणं शिकायला मला फार वेळ लागला.

दर 2 तासांनी कूस बदलणं तर आहेच. मात्र पाठीच्या कण्याला वरच्या भागात इजा झालेल्या पेशंटचं डोकं अचानक ठणकलं, घाम फुटला, तर आधी उठवून बसव, कपडे सैल कर, लघवीच्या कॅथेटरची नळी दुमडली आहे का बघ (अशा पेशंटचं बीपी लघवी तुंबल्यानेही एकदम चढतं), बीपी घे आणि डॉक्टरांना लगेच बोलाव.