लाइट गेली की डिस्कची तपासणी

प्रश्न: दुकानातल्या विंडोज १० च्या कॉम्प्युटरला यूपीएस नाही. महिन्यापूर्वी लाइट जाऊन तो बंद पडला. तेव्हापासून रोज सकाळी डी ड्राइव्ह तपासायची सूचना येते. गिऱ्हाईक खोळंबतं म्हणून आम्ही बटण दाबून ती टाळतो. ही सूचना कायमची बंद करता येईल का?

उत्तर: रोज टाळता, म्हणूनच ती रोज येते. फाइलव्यवस्थेत, म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याच्या मांडणीत, गडबड असल्याची शंका आली की विंडोज त्या ड्राइव्हवर एक खूण करून ठेवते. तपासणी पूर्ण झाल्याशिवाय ती खूण पुसली जात नाही. सूचना बंद करणारी कमांड आहे, पण तिने खूण आणि बिघाड दोन्ही जागेवरच राहतात, वर दिसेनासे होतात. तसं करू नका.

आधी हिशेबाच्या फाइल्स बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. मग रात्री दुकान बंद करताना रीस्टार्ट करा आणि कशालाही हात लावू नका. टक्केवारीचा आकडा बराच वेळ एकाच जागी अडकलेला दिसतो. तेव्हा घाबरून स्विच बंद केलात तर होतं त्यापेक्षा जास्त बिघडेल. निकाल नंतर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजमधल्या घडामोडींच्या नोंदी दाखवणारा प्रोग्रॅम), विंडोज लॉग्जच्या ‘ॲप्लिकेशन’मध्ये सापडतो: सोर्स विनइनिट, आयडी १००१.

त्यात ‘बॅड सेक्टर्स’पुढे (डिस्कवरच्या खराब जागा) शून्य नसेल, किंवा तपासणी पुरी होऊनही सूचना परत आली, तर दोष बहुधा फक्त लाइटचा नाही. डिस्कची स्मार्ट माहिती (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदी) दाखवणारं एखादं सॉफ्टवेअर घेऊन ‘करंट पेंडिंग सेक्टर’चा, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागांचा, आकडा बघा. तो वाढत असेल तर डिस्क बदला. ‘सीआरसी एरर’ (डेटा इकडून तिकडे जाताना होणाऱ्या चुका) वाढत असतील तर बहुधा डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल सैल किंवा खराब आहे; ती बदलणं स्वस्तात पडतं, म्हणून आधी तेच करा. चेकडिस्क (chkdsk) कमांडला स्लॅश आर (/r) लावून केलेली सखोल तपासणी मोठ्या हार्ड डिस्कवर कित्येक तास चालते आणि मरणाला टेकलेली डिस्क त्यातच जाऊ शकते. म्हणून बॅकअपशिवाय ती नको.

आणखी एक. तपासणीत सगळं ठीक निघालं म्हणजे फाइलमधला मजकूरही शाबूत आहे, असं नाही. एनटीएफएसची (विंडोजची फाइलव्यवस्था) नोंदवही फोल्डर आणि फाइलींची मांडणी सावरते. लाइट गेली त्या क्षणी अर्धवट लिहिलेलं बिल ती परत आणत नाही. त्या दिवसाच्या नोंदी हाताने ताडून पाहा.

यूपीएस मात्र घ्याच. एका साध्या डेस्कटॉपला ६०० व्हीए (यूपीएसची क्षमता मोजायचं एकक) क्षमतेचा पुरतो. तो काम चालू ठेवायला नाही, फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद करायला असतो. प्रिंटर त्यावर लावू नका.