‘स्तरित अभिस्तर’ : पिवळा पीतांबर?

सोलापूरच्या एका शिक्षिकेने विचारलंय : ‘स्तरित पट्टकी अभिस्तर’ शिकवताना अडखळायला होतं. अभिस्तरात स्तर आहेच, मग वर ‘स्तरित’ कशाला? हा पिवळा पीतांबर नव्हे का? आणि पेशी एकमेकींना जिथे धरतात त्याला ‘पेशींचे सांधे’ म्हणावं का?

पीतांबर नाही. ‘अभिस्तर’ हे ऊतीचं नाव. शरीराचे पृष्ठभाग आणि पोकळ्या झाकणारं अस्तर. ते पेशींच्या एकाच ओळीचंही असतं, उदाहरणार्थ फुप्फुसांतल्या वायुकोशांचं. ओळी वाढल्या की ‘स्तरित’. ‘पट्टकी’ म्हणजे चपटं, ते मात्र फक्त सर्वांत वरच्या ओळीवरून ठरतं! त्वचेत तळाच्या पेशी उभट असतात, वर सरकताना चपट्या होतात आणि नाव वरच्यांचं लागतं. श्वासनलिकेत उलट फसगत : केंद्रकं वरखाली असल्याने थर अनेक वाटतात, पण प्रत्येक पेशी तळाच्या पटलाला टेकलेली असते. मी तिथे ‘आभासी स्तरित’ म्हणेन.

वर्गात उदाहरण आपल्याच ताटातलं द्या. कडक भाकरी चावताना तिची कड टाळूला आणि हिरड्यांना फारशी बोचत नाही, गाल मात्र आतून सोलतो. दोन्हीकडे अस्तर स्तरित पट्टकीच; पण टाळू-हिरड्यांवर वरच्या पेशी केराटिन या चिवट प्रथिनाने भरून टणक होतात, गालावर मऊच राहतात. विडीची पानं कात्रीने कापून अंगठ्याला पडणारा घट्टा हाही केराटिनचाच जाड थर.

आता ‘सांधा’. मराठी माणसाला सांधा म्हटलं की गुडघा आठवतो, म्हणजे हालचाल आलीच. इथे काम धरून ठेवण्याचं, म्हणून ‘जोड’ बरा. आतड्याच्या अस्तरात ‘घट्ट जोड’ दोन पेशींमधली फट बुजवतो, म्हणजे आतलं द्रव्य वाटेल तसं झिरपत नाही. त्वचेत भार असतो डेस्मोसोम नावाच्या जोडावर : आतून केराटिनचे तंतू, बाहेर शेजारणीला धरणारी कॅडहेरिन कुळातली प्रथिनं, आणि ही पकड कॅल्शियमवाचून टिकत नाही. पेम्फिगस या आजारात शरीराची प्रतिपिंडं याच प्रथिनांवर उलटतात. पेशी एकमेकींना सोडतात आणि तोंडात, अंगावर फोड येतात.

इंग्रजीतल्या ‘गॅप जंक्शन’ला दिलेलं ‘रिक्त जोड’ हे नाव मला पटत नाही. तिथे रिकामं काही नसतं. प्रत्येक पेशीची 6 कनेक्सिन प्रथिनं मिळून अर्धी नळी होते, समोरची अर्धी तिला भिडते आणि आयन, छोटे रेणू थेट पलीकडे जातात. हृदयाच्या पेशी एका ठेक्यात आकुंचन पावतात त्या यामुळेच. त्याला ‘वाहक जोड’ म्हणा. डेस्मोसोम मात्र तसाच ठेवा, त्याचं मराठीकरण करून मुलांना अजून एक शब्द पाठ करायला लावू नका.