तुराट्यांचा कूड आणि गॅमा किरणांची सावली

प्रश्न : तुरीच्या राखणीसाठी मी रात्री शेतात जागलीला असतो. अवकाशात गॅमा किरणांचे स्फोट होतात आणि उपग्रह ते जवळजवळ रोज नोंदवतात, असे वाचले. ते आम्हाला का दिसत नाहीत? आणि या किरणांपुढे भिंग चालत नसेल, तर उपग्रहाला स्फोटाची दिशा कशी कळते?
– एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : गॅमा किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि वातावरण त्यांना वरच्या वर अडवते. त्यामुळेच या स्फोटांचा पहिला सुगावा अवकाशात लागला, आणि तोही भलत्याच कामावरच्या पहारेकऱ्यांना. चोरून होणाऱ्या अणुचाचण्यांवर पाळत ठेवणाऱ्या अमेरिकेच्या व्हेला उपग्रहांनी २ जुलै १९६७ रोजी अशी एक नोंद केली. जगाला हे स्फोट कळले १९७३ मध्ये.

दिशेचा प्रश्न अधिक रंजक आहे. सोडियम आयोडाइडच्या स्फटिकात गॅमा किरण शिरला की क्षीण चमक उठते आणि ती मोजता येते. फर्मी उपग्रहावर असे १२ शोधक निरनिराळ्या दिशांना तोंड करून बसवले आहेत. ज्यांची तोंडे स्फोटाकडे असतात त्यांत चमका जास्त मोजल्या जातात, आणि त्यावरून दिशेचा ठोकळ अंदाज येतो.

नेमकेपणासाठी सावली कामी येते. गोठ्याच्या तुराट्यांच्या कुडातून सकाळचे ऊन आत आले की जमिनीवर पडणाऱ्या उजेडाच्या पट्ट्या सूर्य चढेल तशा सरकत जातात, आणि सूर्याकडे न पाहताही तो कुठे आहे हे सांगता येते. २००४ साली सोडलेल्या स्विफ्ट उपग्रहावर हा कूड शिशाच्या सुमारे ५२,००० लहान फरश्यांचा आहे आणि त्याची सावली खालच्या ३२,७६८ शोधक तुकड्यांवर पडते. फरश्या मुद्दाम वेड्यावाकड्या मांडल्या आहेत, कारण सारख्या अंतराच्या पट्ट्या थोड्या सरकल्या की पुन्हा पहिल्यासारख्याच दिसतात, तर अनियमित नक्षीची सावली प्रत्येक दिशेला निराळी पडते. दिशा कळताच स्विफ्ट मिनिट-दीड मिनिटात स्वतःच तिकडे वळतो आणि आपल्या दुर्बिणींनी मागे उरलेली झळाळी टिपतो. २०१५ साली सोडलेल्या आपल्या ॲस्ट्रोसॅटवरही अशी जाळी आहे. ती टॅन्टलम धातूची आहे.

ही झळाळी मात्र क्वचित डोळ्यांच्या आवाक्यात येऊ शकते. १९ मार्च २००८ रोजी स्विफ्टने पकडलेल्या एका स्फोटाचा, साडेसात अब्ज वर्षे प्रवास करून आलेला प्रकाश, स्वाती तारा ज्यात आहे त्या भूतप तारकासमूहात, काळोख्या आकाशात नुसत्या डोळ्यांना अंधूक दिसावा इतका, जेमतेम अर्धा मिनिट तेजस्वी झाला होता. आर्णीचे आकाश त्याला पुरेसे काळोखे ठरले असते. पण आपल्याकडे तेव्हा दुपारचे पावणेबारा वाजत आले होते.