गुडघा दुखावला, आता प्रशिक्षक व्हायचंय

ताई, तुमचा मुलगा एकोणीस वर्षांचा. कोल्हापुरात तालमीच्या संघाकडून फुटबॉल खेळायचा, लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं. आता म्हणतो, ‘थॉमस टुखेलसारखा प्रशिक्षक होणार.’ मोठा खेळाडू न होता हे जमतं का, असं तुम्ही विचारलंय.

जमतं. पण टुखेलची मधली वर्षं तुम्ही दोघांनीही नीट पाहायला हवीत.

टुखेल जर्मनीत बचावपटू होता. स्टुटगार्टर किकर्स आणि उल्म या क्लबांकडून खेळला, बुंडेसलिगा या जर्मनीच्या सर्वोच्च लीगमध्ये एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. 1998 मध्ये, पंचविशीतच, गुडघ्याच्या दुखापतीने खेळ संपला. मग त्याने व्यवसाय व्यवस्थापनाचं शिक्षण घेतलं, स्टुटगार्टच्या एका बारमध्ये कामही केलं. उल्मला त्याचे प्रशिक्षक असलेल्या राल्फ रांगनिक यांनी 2000 मध्ये त्याला व्हीएफबी स्टुटगार्टच्या लहान मुलांच्या संघावर प्रशिक्षक म्हणून घेतलं. तिथून 2009 मध्ये माइन्ट्स या क्लबच्या मुख्य संघाचा प्रशिक्षक व्हायला नऊ वर्षं गेली, तीही बहुतेक पोरासोरांना शिकवण्यात. 2005 मध्ये त्याच्या एकोणीस वर्षांखालील संघाने जर्मनीचं विजेतेपद मिळवलं, तेव्हा बाहेर किती जणांना त्याचं नाव ठाऊक असेल? चेल्सी या इंग्लिश क्लबला चॅम्पियन्स लीग ही युरोपातली क्लबांची सर्वोच्च स्पर्धा त्याने जिंकून दिली ती 2021 मध्ये, आणि इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाची सूत्रं हाती आली 2025 च्या जानेवारीत.

मला या सगळ्यात ती नऊ वर्षंच मोलाची वाटतात. खेळणं आणि शिकवणं ही दोन वेगळी कामं. चेंडू पायात आल्यावर काय करायचं हे तुमच्या मुलाला कळतं. दहा वर्षांच्या मुलाला ते कळेल असं सांगता येतं का, हे त्याला अजून पाहायचंय. म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याला पेठेतल्या छोट्या मुलांचा सराव घेऊ द्या. सहा महिने रोज सकाळी तो न कंटाळता गेला, तर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या डी लायसन्सची, म्हणजे प्रशिक्षकाच्या परवान्याची, चौकशी ‘विफा’कडे (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, महाराष्ट्राची फुटबॉल संघटना) करा. त्यापुढे सी, बी, ए अशा पायऱ्या आहेत.

पदवी मात्र सोडू देऊ नका. आपल्याकडे सुरुवातीच्या मानधनावर घर चालणं कठीण. पदवीनंतर बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) केलं तर शाळेत क्रीडाशिक्षकाची वाट खुली होते, आणि संघही हाताशी मिळतो.

आणि ताई, सध्या तो चिडचिड करत असेल तर करू द्या. त्याचा खेळ गेलाय, ते दुःख खरं आहे. फक्त फिजिओथेरपी अर्धवट राहू देऊ नका. प्रशिक्षकालाही दोन-दोन तास मैदानावर उभं राहावं लागतं.