‘उत्क्रांती’ वर चढते की निघून जाते?

प्रश्न : ‘मानवी चेतनेची पुढील उत्क्रांती’ असं एका व्याख्यानाच्या फलकावर वाचलं. इथे ‘चेतना’ हवं की ‘जाणीव’?

जाणीव. ‘नेणीव’शी तिची जोडी संतांच्या काळापासूनची आहे. ‘चेतना’ जीवशास्त्राच्या पुस्तकांनी केव्हाच कामाला लावली : चेतासंस्था, चेतापेशी, चेतनाक्षमता. असो. खटकायला हवा होता तो फलकावरचा शेवटचा शब्द.

उत् + क्रम्. ‘उत्’ दिसला की लोकांना जिना दिसतो : खाली माकड, वर आपण, त्याहून वर कुणी तेजःपुंज. उपनिषदांत मात्र हा ‘उत्’ बाहेर पडण्याचा आहे. बृहदारण्यकात (४.४.२) जीव देहातून निघाला की प्राण त्याच्यामागून निघतो, ‘अनूत्क्रामति’. ब्रह्मसूत्रांतल्या ‘उत्क्रान्तिगत्यागतीनाम्’मध्येही देह सोडणंच. मरणाऱ्याच्या हातून दान द्यायच्या गाईचं नाव तर चक्क उत्क्रांतिधेनू! त्या अर्थाने फलक वाचलात, तर व्याख्यान चेतनेच्या मरणावरचं ठरतं.

खरं तर शब्द हवा होता ‘परिणाम’. सांख्य दर्शनातला परिणाम म्हणजे दुधाचं दही : बदल खरा, पण वर-खाली काही नाही. तो आपण ‘इफेक्ट’साठी खर्चून बसलो. ‘इव्होल्यूशन’साठी बंगालीत रुळलेल्या ‘विवर्तन’चं कौतुक करणाऱ्यांनी जरा वेदान्त उघडावा, विवर्त म्हणजे दोरीवर भासलेला साप, न झालेला बदल! आणि हिंदीसारखं ‘विकास’ म्हणा, हा सल्ला तर आगीत तेल. खुद्द डार्विनच्या १८५९च्या पहिल्या आवृत्तीत ‘इव्होल्यूशन’ हा शब्द नाही; तो बदलांसह चालणाऱ्या वंशक्रमाबद्दल बोलतो. ‘क्रम’ तिथे आहे, ‘उत्’ नाही.

हा ‘उत्’चा जिना डोक्यात किती पक्का बसलाय, ते स्वतःच्या हातावर पाहा. अंगठा करंगळीला टेकवून मनगट किंचित आत वाकवा. मधोमध दोरीसारखी कंडरा उठते, ती पाल्मारिस लाँगस स्नायूची. काहींना हा स्नायू नसतोच, आणि पकडीत त्याने जाणवण्याजोगा फरक पडत नाही. ‘नाही ना? मग तुम्ही जास्त उत्क्रांत!’ हे सतत कानावर येणारं वाक्य साफ चूक. उत्क्रांती समूहाची होते, पिढ्यान्‌पिढ्या जनुकांचं प्रमाण बदलत. एकट्या माणसाची नाही. अंधाऱ्या गुहेतल्या माशांचे डोळे गेले, तीही उत्क्रांतीच. ध्यानाने जाणिवेत काही बदल झालाच, तर तो त्या माणसापुरता. जनुकांतून मुलांकडे जात नाही. तिथे ‘जाणीव प्रगल्भ झाली’ म्हणा.