हार्ड डिस्क लावली की माऊस का अडकतो?

प्रश्न: मी ऐरोलीला राहतो, काम घरूनच. लॅपटॉपला एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावली की वायरलेस माऊस अडकत अडकत चालतो, कर्सर उड्या मारतो, डिस्क काढली की लगेच ठीक. दुकानदार म्हणाला माऊस बदला, बदलला, फरक शून्य. आता मित्र सांगतो काळा गोळा असलेली केबल घे. व्हायरस तर नसेल ना?

उत्तर: व्हायरस नाही हो, आणि बिचाऱ्या जुन्या माऊसचीही काही चूक नव्हती. तुमची डिस्क यूएसबी ३ वर चालत असणार, म्हणजे सेकंदाला ५ गिगाबिटपर्यंतचा वेग, आणि एवढ्या वेगाने डेटा पळतो तेव्हा केबल आणि पिनमधून जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही येतो, जिथे तुमच्या माऊसचा डोंगल (लॅपटॉपच्या पोर्टात खोचलेला छोटा रिसीव्हर), ब्लूटूथ आणि घरातलं जुनं वायफाय सगळेच दाटीवाटीने बसलेत. हे काही नवीन नाही, इंटेलने २०१२ मध्येच यावर पेपर काढला होता. त्यात डोंगल बहुतेक डिस्कच्या अगदी शेजारच्या पोर्टात असतो, म्हणजे भांडण समोरासमोरच.

आधी फुकटचा उपाय: डोंगल लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा. तिथे पोर्ट नसेल तर साधी यूएसबी एक्स्टेन्शन वायर घेऊन डोंगल माऊसजवळ आणून ठेवा, हातभर अंतरानेही पुष्कळ फरक पडतो. मग डिस्कची केबल बघा, स्वस्तातल्या केबलींमध्ये गोंगाट अडवणारी आतली धातूची जाळी प्लगच्या धातूला नीट जोडलेलीच नसते, अशी केबल जणू अँटेनाच. वायफाय रडत असेल तर ५ गिगाहर्ट्झवर घ्या.

काळ्या गोळ्यावर पैसे घालू नका. तो फेराइट असतो, म्हणजे गोंगाट शोषणारा चुंबकीय पदार्थ, काही मेगाहर्ट्झपासून काहीशे मेगाहर्ट्झपर्यंत छान काम करतो, २.४ गिगाहर्ट्झला त्याचा फारसा उपयोग नाही.

प्रश्न: कळव्याहून. मोबाईल चार्जर लावला की आईच्या रेडिओवर मिडियम वेव्हला घर्रर्र आवाज येतो, एफएम मात्र स्वच्छ.

उत्तर: चार्जरच्या आतलं सर्किट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतं, त्याचे पडसाद मिडियम वेव्हपर्यंत येतात आणि चार्जरची वायर ते घरभर पसरवते. आधी दुसरा, बऱ्यापैकी चार्जर लावून बघा, बहुतेक वेळा तिथेच निकाल लागतो. नाहीतर रेडिओ चार्जरपासून लांब न्या आणि जागच्या जागी हळूहळू फिरवा, आतली अँटेना दिशा धरते, एका कोनात घरघर अचानक पडते.