वोकिंगच्या शाहजहान मशिदीशेजारचं कब्रस्तान कोणी बांधलं आणि आज तिथे एकही कबर का दिसत नाही?

‘शेजारचं’ हा शब्द जरा सैल आहे. इंग्लंडच्या सरे परगण्यातली ही मशीद ओरिएंटल रोडवर आहे आणि ते कब्रस्तान हॉर्सेल कॉमन या माळावर. मधे रेल्वेलाईन येते, कालवा येतो. कब्रस्तान मशिदीने बांधलेलंही नाही. ते सरकारने बांधलं, तेही युद्धाच्या गडबडीत.

आधी मशीद. नावातली शाहजहान म्हणजे ताजमहालवाला बादशहा नव्हे, भोपाळच्या नवाब शाहजहान बेगम. लाहोरला शिक्षणखात्यात काम केलेल्या डॉ. लाइटनर यांनी वोकिंगमध्ये प्राच्यविद्येची संस्था काढली होती. तिच्या आवारात बेगमसाहेबांच्या देणगीतून 1889 साली मशीद उभी राहिली. वास्तुकार विल्यम चेंबर्स. शेजारचं सालारजंग मेमोरियल हाऊस हैदराबादच्या दिवाणांच्या नावाचं. 1899 मध्ये लाइटनर वारले आणि मशिदीला कुलूप लागलं, ते उघडलं 1913 मध्ये, इस्लामचे प्रचारक ख्वाजा कमालुद्दीन आल्यावर.

लगेच महायुद्ध सुरू झालं. फ्रान्सच्या आघाडीवरचे जखमी हिंदी शिपाई ब्रायटन आणि आसपासच्या इस्पितळांत येऊ लागले. त्यात दगावलेल्या हिंदू-शिखांचं दहन ब्रायटनजवळच्या पॅचमच्या टेकडीवर होई. मुसलमान शिपायांचं काय, हा प्रश्न उरला. इंग्रज मुसलमान शिपायांना नीट मूठमातीही देत नाहीत, असा प्रचार जर्मनी करत होता. वोकिंगचे तेव्हाचे इमाम सद्रुद्दीन यांनीही सरकारकडे तगादा लावला होता. म्हणून जागा निवडली ती देशातल्या या एकमेव घुमटदार मशिदीजवळची. इंडिया ऑफिसचे, म्हणजे लंडनहून हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या खात्याचे, सर्व्हेअर विनी यांनी आराखडा केला, 1915 मध्ये काम सुरू झालं, 1917 मध्ये संपलं. विटांची भिंत, घुमटाची छत्री असलेलं दार आणि मशिदीशी जुळणाऱ्या कमानी.

स्वतंत्र जागा का लागते, हे दिशा पाहिली की कळतं. आपल्याकडे मय्यतीचं डोकं उत्तरेला आणि तोंड पश्चिमेला, किब्ल्याकडे म्हणजे मक्केच्या दिशेला असतं. इंग्लंडहून मक्का आग्नेयेला पडते, त्यामुळे उजव्या कुशीवर ठेवलेल्या देहाचं डोकं साधारण नैर्ऋत्येला आणि पाय ईशान्येला येतात. चर्चच्या दफनभूमीतल्या ओळी बहुधा पूर्व-पश्चिम आखलेल्या असतात. त्यांच्यात ही कबर तिरकी पडते आणि दोन्हीकडची जागा वाया जाते.

दोन्ही महायुद्धं मिळून इथे 27 सैनिक पुरले गेले. पण जागा एकाकी, माळावर झाडीत. नासधूस वाढत गेली, तेव्हा 1968 मध्ये सगळ्या कबरी ब्रुकवुडच्या लष्करी दफनभूमीत हलवल्या. मागे राहिल्या त्या नुसत्या भिंती, त्याही पडायला आलेल्या. माझ्या मते चूक जागा निवडतानाच झाली. राखणीला माणूस नसेल तर सुंदर भिंतही टवाळांना आडोसाच देते. पुढे डागडुजी होऊन 2015 मध्ये तिथे शांतिउद्यान झालं. त्यात 27 हिमालयी भूर्जवृक्ष लावलेत, माणशी एक, आणि शिळेवर नावं कोरली आहेत. मशिदीला 2018 मध्ये पहिल्या श्रेणीच्या वारसावास्तूचा दर्जा मिळाला.

बघायला जाणार असाल तर वोकिंगला उतरून मशीद आणि उद्यान चालत होतं. कबरी मात्र ब्रुकवुडला, वोकिंगच्या पुढच्याच स्टेशनवर. तिथेही गफलत होते, कारण लष्करी दफनभूमी वेगळी आणि लाइटनरांनी 1884 मध्ये राखून घेतलेला मुस्लिम भाग वेगळा. त्या दुसऱ्या भागात कुराणाचे दोन नामवंत इंग्रजी अनुवादक आहेत, आणि दोघांचाही मुंबईशी संबंध: अब्दुल्ला युसूफ अली मुंबईत जन्मले, तर पिक्थॉल 1920 नंतर काही वर्षं ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक होते.